पाखऱ्याची वैरण

आबा, तुमची सायकल अजून गोठ्यातच आहे. पुढचं चाक गव्हाणीला टेकवून, तुम्ही उभी करायचात तशीच. श्रावणात तुम्ही गेलात, आता भाद्रपदही संपला. भेटायला येणारे अजून येतात. "म्हातारा सोन्यासारखा गेला, कुनाला पानी पाजायची येळ आली न्हाई," असं म्हणतात, चहा पितात आणि जातात. तुमच्याविषयी बोलणारे पुष्कळ झाले, तुमच्याशी बोलणारं मात्र कोणी नाही. म्हणून आज मी लिहायला बसले आहे, तुमची सून, इंदुरीच्या माहेरची म्हणून तुमची इंदुरीकरीण.

एक आधीच सांगून ठेवते. घरात मी तुमच्या मुलाला अहो-जाहो करते. इथं मात्र त्याला 'तुमचा लेक' म्हणणार आहे आणि बिनधास्त अरे-तुरे करणार आहे. सासऱ्यासमोर नवऱ्यावर रागवायची सोय नसते. इतकी वर्षं गिळलेलं थोडं आज बाहेर पडेल, तेवढं ऐकून घ्या.

सगळं सुरू झालं ते मोटरसायकलपासून. शिवारातून येताना वेशीच्या वळणावर ती तुमच्या अंगावर पडली. तुमच्या हातून पडली असं तुम्ही कधी कबूल केलं नाहीत. "ती बसली, मी तिच्याखाली घावलो," एवढंच म्हणायचात. बरगड्या जुळल्या, गुडघा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टरांनी छाती तपासून गोळ्या लावून दिल्या आणि जड गाडी बंद म्हणून सांगितलं. तुमच्या लेकानं गाडी विकून टाकली. तुमच्या हातून किल्ली घेताना त्याचे डोळे भरून आले होते. तुम्ही भिंतीकडं बघत होतात, म्हणून तुम्हाला ते दिसलं नाही. मला दिसलं होतं.

मग तुम्ही ओट्यावर बसलात. आपलं भाताचं खाचर रेल्वेच्या पलीकडं, पायी जाववत नाही, सोडायला कोणी नाही. तुमचा लेक तळेगावच्या कारखान्यात पाळीला, मी लोणावळ्यात कामाला. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून विचारायचात, "आमच्या खाचरात पानी हाये का रं?" तो जाता जाता "हाये, हाये" म्हणायचा आणि तो न बघताच सांगतोय हे तुम्हाला कळायचं. मुंबईच्या गाड्या थांबायच्या, काच खाली करून एकवीरेचा रस्ता विचारायच्या. कार्ल्यात घर म्हटल्यावर ते आलंच. तुम्ही दिवसभर लोकांना रस्ता सांगायचात. हळूहळू तुमचं जेवण कमी झालं. मग चेष्टा थांबली. "इंदुरीकरीण, चहात साखर टाकली का तुमच्या नदीतलं पानी टाकलं?" असं विचारणारे आबा गप्प चहा प्यायला लागले. जेवण कमी झालं तेव्हा मला काळजी वाटली होती. चेष्टा थांबली तेव्हा मात्र मी घाबरले.

सायकलीचं माझ्या डोक्यात आलं ते लोणावळ्याच्या तुंगार्लीत. मी ज्या हॉटेलात पुढच्या काउंटरला बसते, तिथं पाहुण्यांसाठी दोन इलेक्ट्रिक सायकली असतात, तळ्याभोवती फिरायला. एकदा एक आजोबा आले, वयानं तुमच्यापेक्षा चार वर्षं जास्तच. मला वाटलं, आता चढावर यांना उतरवून घ्यायला वॉचमनला पाठवावं लागणार. तर ते बंगल्यांच्या बाजूचा चढ गाणं म्हणत चढून गेले. जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः ती चालवून बघितली. इंदुरीहून तळेगावला शाळेत मी सायकलनंच जायची. लग्न झालं आणि सायकल सुटली ती सुटलीच. पॅडलवर पाय ठेवला आणि पाठीमागून कोणीतरी कॅरिअरला हात लावून ढकलतंय असं वाटलं. माझे वडील मला शिकवताना तसंच धरायचे. मी मागं वळूनसुद्धा पाहिलं, आबा. कोणी नव्हतं.

त्याच संध्याकाळी तुमच्या लेकाजवळ विषय काढला.

"आबांना सायकल? ह्या वयात? लोक हसतील."

"लोक हसू देत. त्यांच्याबरोबर आबा तरी हसतील."

"आन् पडलं तर?"

"ओट्यावर बसूनही माणूस पडतो. त्याचा आवाज होत नाही एवढंच."

तो उठून बाहेर गेला. हो म्हणायची त्याची तीच पद्धत. आपल्या घरात तोंडानं 'हो' म्हणायची रीत नाही, ती तुमच्याकडूनच आली आहे.

तळेगावच्या सायकलीच्या दुकानातली गंमत मी अजून हॉटेलात सांगते. सेल्समन चांगला मुलगा होता. "सर, यात पेडल असिस्ट आहे, थ्रॉटल आहे, तीन मोड आहेत," असं त्यानं सुरू केलं, तर तुम्ही हात वर करून त्याला थांबवलंत. "आदी बगू तर दे." एकेका सायकलीभोवती फेरी मारलीत. मागचं चाक उचलून फिरवलंत, कान लावून ऐकलंत. सीट दाबून पाहिलीत. चेनपाशी गुडघ्यावर हात ठेवून वाकलात आणि विचारलंत, "दात किती?" बैलाचं वय दातांवरून ओळखायची तुमची सवय, त्याला वाटलं तुम्ही गिअरविषयी बोलताय, तो आकडे सांगत सुटला. मी तोंडाला पदर लावून उभी. रुंद टायरची, काळी, भारी दिसणारी एक होती, ती त्यानं कौतुकानं पुढं काढली. "ह्यो लय माजलेला," तुम्ही म्हणालात, "ह्याला खायला बी तेवडंच लागंल." घडी होणारी होती तिला तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत. शेवटी ती राखाडी, मधली दांडी नसलेली आवडली, कारण गुडघ्यामुळं तुमची टांग वर जात नव्हती. सेल्समन जरा चाचरत म्हणाला, "सर, ही लेडीज म्हणून जास्त जाते."

"मंग काय झालं? दूध थोडंच काडायचंय?"

मला हवी होती ती काढता येणारी बॅटरी. म्हटलं, घरात आणून चार्ज करता येईल. तशी ती होतीही, पण जनावर गोठ्यात आणि त्याचं खाणं घरात, हे तुम्हाला पटलं नाही. आणि गाडीला लायसन नको, नंबर नको हे ऐकून मी खूश झाले तर तुम्ही उलटे काळजीत पडलात. "नंबर न्हाई? मंग बाजारात चुकला तर वळकायचा कसा?" मग भावाची वेळ आली. तुम्ही खांद्यावरचं उपरणं काढलंत, सेल्समनचा हात धरलात आणि उपरण्याखाली घेतलात. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तोंडानं आकडा काढायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? तो माझ्याकडं बघतोय, तुम्ही त्याची बोटं दाबताय. "सर, फिक्स रेट आहे," तो म्हणाला, पण हात सोडवून घेतला नाही. वर एक आरसा आणि कुलूप फुकट दिलं. तुम्ही वाटभर सांगत होतात, "मानूस चांगला हाये. बोटं जरा कच्ची हायेत."

घरी आणल्यावर तुम्ही तिला थेट गोठ्यात नेलंत. पाखऱ्या गेल्यापासून गोठा मोकळाच होता. आपला शेवटचा बैल. त्याच्यानंतर ट्रॅक्टर भाड्यानं आला आणि गव्हाणीत आम्ही जुने डबे ठेवायला लागलो होतो. तुम्ही डबे काढलेत, गव्हाण झाडलीत आणि वायरमनला बोलावून गव्हाणीच्या वरच चार्जिंगचा बोर्ड बसवून घेतलात. शेजारचे भाऊ बघायला आले. म्हणाले, "बैल गेला आन् झोपा केला आसं आयकलंतं. आबांनी झोपा होता म्हनून बैल आणला." सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात. किती दिवसांनी हसलात, आबा.

आपण सगळे 'ती सायकल' म्हणायचो, तुम्ही 'पाखऱ्या' म्हणायला लागलात. बॅटरीच्या पडद्यावरच्या रेघांना तुम्ही 'दम' म्हणायचात. "दोन दम ऱ्हायलेत." आणि चार्जिंगला म्हणायचात वैरण. बैल असताना तुमचा नियम होता, जनावराच्या पुढ्यात वैरण पडल्याशिवाय घरातल्या कुणी ताटावर बसायचं नाही. तो नियम परत सुरू झाला. मी ताटं वाढायची, तुम्ही पाटावर बसायचात, भाताला हात लावायच्या आधी विचारायचात, "त्याला वैरण टाकली का?" विसरलेलं असलं की कोणीतरी उठून गोठ्यात जायचं. चार्जरचा दिवा लाल झाला म्हणजे तो खातोय, हिरवा झाला म्हणजे पोट भरलं. तुमच्या लेकाला हे सगळं पोरकटपणाचं वाटायचं. पाळीवरून दमून आलेला, भूक लागलेली, आणि बाप म्हणतोय आधी सायकल. तो उठायचा, पण कुरकुरत.

सायकलीच्या गळ्यात, हँडलला, घुंगरमाळ तुम्ही नंबर नाही म्हणून बांधलीत. तिचा खरा उपयोग निराळाच झाला. सायकलीला आवाज नाही. रस्त्यानं चाललेली माणसं दचकायची. माळ बांधल्यापासून गाव वाट द्यायला लागलं. आणि मला घरात बसून कळायचं, आबा वेशीत आले. चहाचं आधण मी त्या आवाजावर ठेवायची.

आता आपलं भांडण. ते मिटलेलं नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी माघार घेणार नाही.

सपाटीला तुम्ही ऐटीत बसून जायचात, पॅडलसुद्धा मारायचा नाहीत. "बैल वडतोय म्हनल्यावर मालकानं कशाला वडायचं?" आणि चढ आला की उतरायचात! उतरून, मोटर बंद करून, तिला हातानं ढकलत वर न्यायचात. रेल्वेच्या पुलाखालून आपल्या खाचराकडं वर जाणारा तो चढ, तिथं तर रोज. लक्ष्मणनं मला सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना. लक्ष्मण, आपल्या खाचराशेजारी कामाला येणारा, वरच्या ठाकरवाडीतला, तुमचा तंबाखूचा भागीदार. मी त्या दिवशी तुमच्यावर चिडले.

"आबा, चढासाठीच तर घेतली ती! डॉक्टरांनी काय सांगितलंय? जिथं ती कामाला यायची तिथंच तुम्ही उतरता?"

"आगं, सपाटीला कुनाचा बी बैल चालतो. चढालाच कळतं मालक कसा हाये."

"ती सायकल आहे. तिला दम लागत नाही."

"रेगा कमी व्हत्यात का न्हाई चढाला? मंग?"

रेघा कमी होत होत्या, हे खरं होतं. पण मशिनीला वाचवायला स्वतःची छाती दमवायची नसते, हेही खरं होतं. मी हजारदा सांगितलं, तुम्ही हजारदा 'व्हय व्हय' म्हणालात आणि उतरतच राहिलात. तुमच्यासारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसरा पाहिला, त्याच्याशीच लग्न झालंय.

पहिल्याच पोळ्याला तुम्ही तिची काय गत केलीत, आठवतं? आपल्याकडं बैलपोळा भाद्रपदाच्या अमावस्येला, सर्वपित्रीच्याच दिवशी. सकाळीच तुम्ही बॅटरी काढून घरात आणून ठेवलीत. मी म्हटलं, अरे वा, सुधारले. तर म्हणालात, "आज त्याला सुट्टी." पोळ्याच्या दिवशी बैलावर जू ठेवत नाहीत, बसत नाहीत, म्हणून सायकल हातानं धरून चालत इंद्रायणीवर नेलीत. आणि पोटापर्यंत पाण्यात घालून, पेंढ्यानं घासून, खसाखसा धुतलीत. आणलीत तेव्हा ती चकाकत होती. हँडलच्या दोन्ही टोकांना, शिंगांना लावतात तसा, लाल हिंगूळ लावलात, पुरणपोळी दाखवलीत. दुसऱ्या दिवशी बॅटरी लावली तर पडदा काळा तो काळाच.

तुमचा लेक ओरडला. "आबा, त्यो बैल न्हाई! कितींदा सांगायचं?" तुम्ही तो पडदा खोलून घेतलात आणि तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवलात, कारण भिजलेला मोबाईल तांदळात ठेवतात असं कुणीतरी सांगितलं होतं. दुकानातला कारागीर येऊन आतला एक भाग बदलून गेला. म्हणाला, "नशीब, बॅटरी काढली होती म्हणून वाचली." म्हणजे पोळ्यानंच घालवली आणि पोळ्यानंच राखली. पडदा लागला तो कारागिरानं की आपल्या इंद्रायणी तांदळानं, यावर आपण वर्षभर वाद घातला. तुम्ही तांदळाच्या बाजूचे. राहू दे, हे भांडण तुम्ही जिंकलात असं समजा, पुरावा माझ्याकडंही नाही.

आणि तुंगार्ली. ते आठवलं की मला लिहिणं थांबवावं लागतं. थंडीचे दिवस होते. मी डबा विसरून गेले होते. आदल्या संध्याकाळी वीज गेली होती, वैरण अर्धीच झाली होती, तरी तुम्ही डबा हँडलला अडकवून कार्ल्याहून निघालात. मधले चढ अर्थातच चालत. मी काउंटरला, आणि बाहेरून घुंगरमाळ वाजली. मला वाटलं भास झाला. बघते तर दारात तुम्ही, टोपी काखेत, घामानं डबडबलेले. मी पॅन्ट आणि कोट घातलेला, डोक्यावर पदर नाही. लग्नानंतर तुमच्यासमोर मी तशी कधी उभी राहिले नव्हते. तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "मॅडम, हे आबा तुम्हाला विचारतायत."

पाखऱ्याचा दम संपला होता. तो आत चार्जिंगला लागला आणि आपण दोघं तळ्याच्या काठी बसलो. डबा एक, माणसं दोन. तुम्ही अर्धी भाकरी माझ्याकडं सरकवलीत. मग म्हणालात, "हितं तुला मॅडम म्हन्त्यात व्हय?"

"हो."

"मंग आमी बी म्हनाय पायजे."

मला चेष्टा वाटली. पण त्या दिवसापासून तुम्ही मला मॅडमच म्हणालात, गावात, चारचौघांत, मुद्दाम मोठ्यानं. चावडीवर सांगितलंत म्हणे, "आमची मॅडम खुर्चीवर बसती, साहेब लोक उबं ऱ्हात्यात." आबा, माझ्या माहेरचं कोणी कधी माझ्या कामाच्या जागी आलं नाही. तुमचा लेक सोडायला येतो, तो फाटकाबाहेर. आत आलेले तुम्ही पहिले. मला त्या दिवशी हे तुम्हाला सांगायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर "आबा, ऊन आहे, टोपी घाला." तुम्ही टोपी घातलीत. आता सांगते. तुम्ही आलात म्हणून मला फार बरं वाटलं होतं.

श्रावणातली ती सकाळ उघडिपीची होती. रोपं लावून भाताची आवणी होऊन गेली होती, खाचरातलं पाणी बघायला तुम्ही निघालात. मी कामावर जायच्या गडबडीत. "मॅडम, उशीर व्हतोय, पळा," तुम्ही म्हणालात आणि मी "हो" म्हणून वळूनही पाहिलं नाही. घुंगरमाळ वेशीपर्यंत ऐकू आली. रोजचंच होतं, म्हणून लक्ष देऊन ऐकली नाही.

लक्ष्मणचा फोन आला तो तुमच्या लेकाला. मी पोचले तेव्हा तुम्हाला घरी आणलं होतं. सायकल मागून लक्ष्मण घेऊन आला. चालत आला, आणि एका हातानं त्यानं घुंगरमाळ मुठीत घट्ट धरली होती. घरात कुणाला आवाजानं तुम्ही आल्यासारखं वाटू नये म्हणून. ते बघून मी पहिल्यांदा रडले.

नंतर मी त्याला विचारलं. म्हणाला, "आबा सायकलीवर न्हवतं, वैनी. सायकल स्टँडला लावल्याली. आबा बांदावर बसल्यालं, पान्याकडं बगत. तंबाकू मळल्याली, खाल्ल्याली न्हवती. मला वाटलं माजी वाट बगत्यात."

"चढावर उतरून चालत आले होते का?"

"ते मला न्हाई दिसलं. मी वरच्या अंगाला व्हतो."

म्हणजे ते कुणालाच माहीत नाही.

तेरावं झाल्यावर तुमचा लेक माझ्याशी बोलला. आवाज न चढवता बोलला, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. "ती सायकल नसती तर आबा घरी असते. घरी असते तर गाडीत घालून दवाखान्यात नेलं असतं." मी म्हटलं, "ती नसती तर आबा त्याच्या आधीच गेले असते, ओट्यावर बसल्या बसल्या." तो म्हणाला, "ते तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "तुम्हाला तरी कसं माहीत?" मग त्यानं एवढंच सांगितलं, "तिला कुणी हात लावायचा न्हाई. इकायची बी न्हाई." आणि त्यानंतर तो गोठ्याकडं फिरकला नाही. परड्यात जायचं तर लांबून वळसा घालून जायचा. माझ्याशी बोलायचा तो डब्यापुरतं आणि पाळीपुरतं.

सायकल आणायचा हट्ट माझा होता. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आबा, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. ओट्यावरचे आबा मी पाहिले होते आणि माळ वाजवत येणारे आबाही पाहिले होते. पण एकाच घरात, एकाच ताटाशी बसून नवरा मनात म्हणत असेल की हिच्या हौसेनं माझा बाप गेला, तर ते घर कसं चालायचं? मला झोप लागायची नाही ती याच विचारानं.

त्यात ती बॅटरी. लक्ष्मणनं सायकल आणली तेव्हा पडद्यावर एकच रेघ होती, तीही लुकलुकत. मी दुकानात फोन केला. तो सेल्समन म्हणाला, "मॅडम, रिकामी ठेवू नका. दोन-तीन महिने तशीच राहिली तर ती झोपते, मग उठवता येत नाही." तुमचा लेक पाळीला गेल्यावर गोठ्यात जाऊन पिन लावायला मला किती वेळ लागला असता? पण वैरण चोरून टाकायची नसते. आणि नुसती बॅटरी वाचवून मला काय करायचं होतं? मला तुमचा लेक त्या गोठ्यात यायला हवा होता. मी रोज दारातून बघायची आणि परत यायची. उपाशी जनावर दावणीला बांधून ठेवल्यासारखं वाटायचं.

काल पोळा झाला. यंदा आपल्याला सण नाही, मी पुरण शिजवलं नव्हतं. सर्वपित्रीला तुमचं पान वाढलं नाही, पहिल्या वर्षी वाढत नाहीत. गावात जी दोन-चार खिल्लारं उरली आहेत ती सजून निघाली, वाजंत्री ऐकू येत होती. तुमचा लेक सुट्टीवर होता. मी भात वेळून पेज काढत होते आणि मागून आवाज आला. घुंगरमाळेचा, आबा. माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

गोठ्याच्या दारात जाऊन पाहिलं. त्यानं बॅटरी काढून बाजूला ठेवली होती. सायकल दारापाशी उजेडात घेतली होती आणि ओल्या फडक्यानं पुसत होता. एक थेंब मोटरवर जाणार नाही असं, फडकं पिळून पिळून. चेनला तेल दिलं. हँडलच्या टोकांवर हिंगूळ लावला, तुम्ही लावायचात तसाच, थोडा ओघळलेला. मला पाहिलं आणि मान खाली घालूनच म्हणाला, "पोळी न्हाई केली?"

"यंदा सण नाही ना आपल्याला."

"सुतक आपल्याला. जनावराला कसलं सुतक?"

हे तुमचं वाक्य, आबा. सासूबाई गेल्या त्या वर्षी पोळ्याला खऱ्या पाखऱ्यापुढं तुम्ही हेच म्हणाला होतात आणि स्वतः डाळ शिजवायला बसला होतात. तो लहान नव्हता तेव्हा, पण कुरकुरणाराही काहीतरी ऐकत असतो. मी चूल पेटवली. एका पोळीपुरतं पुरण वाटलं. त्यानं ती गव्हाणीत ठेवली, सायकलीच्या पुढच्या चाकासमोर, आणि हात जोडले. तुम्ही चढावर उतरला होतात का, घरी असता तर वाचला असतात का, यातलं काहीच निकालात निघालेलं नाही. कदाचित निघणारही नाही.

दिवेलागणीला मी ताटं वाढली. साधा वरणभात. तुमचा पाट मी अजून भिंतीला टेकवून ठेवते. तो बसला. मी पाणी ठेवलं. भाताकडं बघत बसला, हात लावीना. मला वाटलं रडतोय. मग म्हणाला, "त्याला वैरण टाकली का?"

मी उठले. गोठ्यात गेले, बॅटरी जागेवर बसवली, गव्हाणीवरच्या बोर्डाला पिन लावली. दिवा लागेना. मी पिन काढली, पुसली, परत लावली. तो माझ्यामागं येऊन उभा राहिला होता, उष्ट्या न झालेल्या हातानं. दोघंही चार्जरच्या त्या एवढ्याशा डब्याकडं बघत उभे. काय करायचं ते सुचेना, म्हणून मी माळेला हात लावला, ती जराशी वाजली.

मग लाल दिवा लागला, आबा. तो खायला लागला, आणि आम्ही घरात येऊन जेवायला बसलो.